साळूबाईची साक्ष

शामकांत निसळ पुण्याहून निघाले तेव्हापासूनच त्यांचं मन नाराज होतं. नगरला जाऊन एका बाईचा वर्ग पाहायचा आणि मंडळाच्या यादीतून तिचं नाव काढायचं की ठेवायचं ते सांगायचं, असं काम त्यांच्या अंगावर येऊन पडलं होतं. दुसरा कुणी जायला तयार नव्हता, आणि मंडळाचे चिटणीस तर तेच होते.

मूकबधिर शिक्षकांचं हे मंडळ त्यांनीच चार सहकाऱ्यांना धरून उभं केलं होतं. त्याआधी बहिऱ्या पोरांना कुणी वाली नव्हता. कुठे आईबाप मुलाच्या जिभेखालची शीर कापून घेत, कुठे पोपटाचा उष्टा पेरू चारत. सहा महिन्यांत मुक्याला बोलता करतो, अशी पाटी लावून बसलेले भामटे तर गावोगाव होते. मंडळानं ठरवलं, की जो रीतसर शिकून आलाय आणि ज्याचं काम आपण डोळ्यांनी पाहिलंय, त्यालाच शिक्षक म्हणायचं. हळूहळू लोक विचारायला लागले, तुमच्या मास्तरांना मंडळाची मान्यता आहे का? हा प्रश्न कानावर आला की शामकांतांना बरं वाटायचं. आयुष्यात काहीतरी केलं असं वाटायचं.

मंडळाचा एक नियम मात्र फार कडक होता. मुलानं ओठ वाचायला शिकायचं आणि तोंडानं बोलायचं. वर्गात हाताच्या खुणा बंद. एकदा हात सुटले की मूल जिभेला कष्ट देत नाही, अशी शामकांतांची पक्की समजूत होती आणि नियमही त्यांनीच लिहिला होता.

आणि अंबिकाबाई पटवेकरांच्या वर्गात मुलं सर्रास हातांनी बोलतात, बाईही बोलतात, अशी तक्रार आली होती. त्यांचा वर्ग नगरात एका धर्मशाळेच्या ओवरीत भरायचा. धर्मशाळेच्या पंचांनी जागा दिली ती मंडळाची मान्यता पाहून. मान्यता गेली तर वर्ग उठणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

गाडी नगर स्टेशनात शिरली तेव्हा थंडीची सकाळ होती. अंबिकाबाई फलाटावरच उभ्या होत्या. पस्तिशीच्या, सावळ्या, अंगावर शाल आणि हातात कापडी पिशवी.

"मास्तर, तुमचं पत्र पोचलं," त्या म्हणाल्या. "पण आज वर्ग नाही. मला कर्जतला कोर्टात हजर व्हायचंय. तारीख आधीपासून लागलेली आहे. तुम्ही माझ्या घरी थांबा, माझी आई आहे तिथं. नाहीतर माझ्याबरोबर चला."

"कोर्टात? तुमचं काय काम?"

"दुभाषी म्हणून बोलावलंय. एका मुक्या बाईची साक्ष आहे."

शामकांत म्हणाले, "चला, मी येतो." त्यांना वाटलं, तक्रार खरी की खोटी हे तिथंच कळेल.

कर्जतची मोटार माणसांनी आणि गाठोड्यांनी भरली होती. धुळीच्या रस्त्यावर आदळत जाताना अंबिकाबाईंनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. कर्जतपासून कोसभरावर एक वस्ती होती. तिथल्या श्रीमंत नावाच्या बागायतदाराची कडब्याची गंज चैत्रात जळाली. वर्षाची वैरण गेली. गावाची राखण करणारा भीमा तिथं सापडला, हात भाजलेले. आदल्या सुगीत धान्याच्या वाट्यावरून त्याची आणि श्रीमंतची बाचाबाची झाली होती, सगळ्या गावानं ऐकली होती. तेव्हा आग त्यानंच लावली असं ठरलं आणि खटला उभा राहिला.

"आणि मुकी बाई?"

"साळूबाई. श्रीमंतची धाकटी बहीण. जन्माची बहिरी. नवरा गेल्यापासून भावाकडेच असते. तिनं आग लागताना पाहिलंय."

"म्हणजे ती भावाच्या बाजूनं बोलणार."

"ती भीमाच्या बाजूची साक्षीदार आहे, मास्तर."

शामकांतांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

साळूबाईच्या खुणा शेजारच्या छबूबाईला कळत. तिनंच ही गोष्ट भीमाच्या बायकोला सांगितली, बायकोनं वकिलाला. पण छबूबाईचं भीमाच्या घरी जाणंयेणं, म्हणून मॅजिस्ट्रेटांनी तिला दुभाषी म्हणून घ्यायला नकार दिला. त्रयस्थ माणूस आणा म्हणाले. वकिलानं नगरला येऊन अंबिकाबाईंना गाठलं. साळूबाईच्या खुणा शहरातल्या मुलांच्या खुणांसारख्या नव्हत्या, त्या त्या वस्तीवरच जन्मलेल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत अंबिकाबाई छबूबाईच्या घरी जाऊन राहिल्या. साळूबाईबरोबर पाणी भरलं, शेण थापलं, निंदायला गेल्या आणि शिकल्या.

"तुम्ही मंडळाला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

शामकांत नाही म्हणाले असते, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "माझ्या पोटात काय आहे ते सांगून टाकतो. मी तुमचं नाव काढायची शिफारस करायला आलोय."

"माहीत आहे," अंबिकाबाई म्हणाल्या. "आजचं काम होऊ द्या, मग करा."

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माणसं बसली होती. एका बाजूला श्रीमंत आणि त्याचे भाऊबंद. श्रीमंत मोठ्या मिशांचा, भारदस्त गडी. शेजारी त्याचा पोरगा गोरक्ष नखं खात बसला होता. दुसऱ्या बाजूला छबूबाईच्या आडोशाला साळूबाई. तिनं अंबिकाबाईंना पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. दोघींचे हात भराभरा चालू लागले. शामकांत पाहत राहिले. त्यांना एक अक्षर कळलं नाही.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. सरकारी वकील उठले आणि त्यांनी पहिलीच हरकत घेतली.

"मुक्या साक्षीदारानं खुणांनी साक्ष द्यायला कायद्याची ना नाही. पण या खुणांचा अर्थ खरा सांगितला जातोय हे कोर्टानं कशावरून समजायचं? बाई, तुमची लायकी काय?"

"मी मूकबधिरांची शिक्षिका आहे. मंडळाची सभासद आहे."

"तुमचं मंडळ हाताच्या खुणा मानतं?"

अंबिकाबाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "मंडळाचे चिटणीस इथं हजर आहेत. कोर्टानं त्यांनाच विचारावं."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. शामकांत उठले. त्यांना शपथ देण्यात आली.

"आपलं मंडळ खुणांना मान्यता देतं?"

"नाही," शामकांत म्हणाले. "आमच्या वर्गात खुणांना मनाई आहे."

वकील समाधानानं खाली बसले. भीमा आरोपीच्या जागी उभा होता, त्यानं मान खाली घातली. त्याच्या दोन्ही पंजांवर भाजल्याचे गुलाबी चट्टे होते. शामकांतांची नजर तिथं गेली आणि लगेच बाजूला झाली.

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "मास्तर, तुमच्या मंडळात काय शिकवतात तो भाग निराळा. या बाई खरं सांगतात की मनचं, हे तपासायचा काही मार्ग आहे का? तुम्ही या विषयातले जाणकार, म्हणून विचारतो."

'नाही' म्हणून बसणं सोपं होतं. मंडळाच्या नियमाला तेच धरून झालं असतं. पण शामकांत आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासत आले होते, आणि तपासायचा मार्ग त्यांना विचारताक्षणीच सुचला होता. सुचलेलं दडवून ठेवणं त्यांना जमेना.

"आहे," ते म्हणाले. "दुभाषी बाईंना बाहेर पाठवा. साक्षीदारासमोर काहीतरी करून दाखवा. मग बाईंना आत बोलवा आणि साक्षीदार काय सांगते ते त्यांच्या तोंडून ऐका."

पट्टेवाल्यानं अंबिकाबाईंना आवाराच्या फाटकाशी नेलं. मॅजिस्ट्रेटांच्या सांगण्यावरून म्हातारे शिरस्तेदार उठले. त्यांनी पागोटं काढून खुर्चीवर ठेवलं, माठातलं पाणी प्याले, उरलेलं पाणी दाराशी कुंडी होती तिच्यात ओतलं. परत फिरताना त्यांचा पाय उंबऱ्याला अडखळला, ते पडता पडता वाचले. साळूबाई टक लावून पाहत होती.

अंबिकाबाई आत आल्या. साळूबाईचे हात हलले.

"म्हणते, या आजोबांनी पागोटं काढून खुर्चीवर ठेवलं," अंबिकाबाई सांगू लागल्या. "पाणी प्याले. उरलेलं पाणी..." त्या थांबल्या. "ही तिची तुळशीला पाणी घालण्याची खूण आहे. इथं तुळस आहे की नाही मला माहीत नाही. कसलं तरी झाड असेल, पण ते मी माझ्या पदरचं सांगते, ती तसं म्हणत नाही."

मॅजिस्ट्रेटांनी मान हलवली. "पुढं?"

"पुढं गुडघ्याचं काहीतरी आहे. मला कळलं नाही. पुन्हा विचारू का?"

"विचारा."

दोघींचे हात पुन्हा चालले. अंबिकाबाईंच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू आलं. "आजोबांचा पाय अडखळला म्हणते. आणि त्यांना विचारते, लागलं का?"

कोर्टात खसखस पिकली. शिरस्तेदार ओशाळून म्हणाले, "नाही लागलं, बाई," आणि साळूबाईकडे पाहून त्यांनी हातानंही तसं केलं. ते तिला बरोबर समजलं.

सरकारी वकील पुन्हा उठले. "एवढ्या तेवढ्यावरून..."

"मला आणखी बोलायचं आहे," शामकांत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "या बाईंच्या खुणा मला येत नाहीत. मंडळ त्या शिकवत नाही. पण आमचं मंडळ निघालं ते एवढ्यासाठी, की मुक्याच्या नावावर कुणीही काहीही सांगू नये. ज्याला जे येतं तेच त्यानं करावं, आणि जे येत नाही तिथं 'येत नाही' म्हणावं. बाईंनी तुळस आणि झाड वेगळं ठेवलं. कळलं नाही तिथं कळलं नाही म्हणाल्या. अशा माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवायला हरकत नाही. मंडळाचा चिटणीस म्हणून मी हे सांगतो."

मॅजिस्ट्रेटांनी ते लिहून घेतलं आणि साक्ष सुरू करायला सांगितलं.

शपथेचं साळूबाईला अंबिकाबाईंनी समजावलं तेव्हा ती वाकली, तिनं भुईला हात लावून तो कपाळाला लावला. मग तिनं सांगायला सुरुवात केली. माणसांना तिनं आपली नावं दिली होती. खांद्यावरची काठी म्हणजे भीमा. मिशा म्हणजे भाऊ. भुवईवर बोट, म्हणजे गोरक्ष. लहानपणी पडून त्याच्या भुवईवर वण आला होता.

"दुपार होती. मी गंजीमागं गोवऱ्या वेचत होते," अंबिकाबाई सावकाश सांगत होत्या. "गोरक्ष गंजीच्या सावलीला बसून चिलीम ओढत होता. चिलीम झाडली आणि आडवा झाला. मग धूर आला. मी त्याला हलवलं. तो उठला, आग बघितली आणि पळाला. मी ओरडले. माझं ओरडणं कसं असतं ते मला माहीत नाही, पण भीमा ओढ्याकडून पळत आला. ओलं गोणपाट घेऊन आला. तो आग झोडपत होता. माणसं आली तेव्हा तो तिथं होता, म्हणून त्याला धरलं."

गोरक्ष दारापाशी उभा होता, तो हळूच मागं सरकला.

"मग इतके दिवस ही गप्प का बसली?" सरकारी वकिलांनी विचारलं. "घडलं तेव्हाच का सांगितलं नाही?"

अंबिकाबाईंनी प्रश्न पोचवला. साळूबाईनं एकेकाची खूण करून दाखवली आणि प्रत्येकापुढं मान डोलावून दाखवली.

"म्हणते, सांगितलं. भावाला सांगितलं, भावजयीला सांगितलं, पोलीसपाटलाला सांगितलं, फौजदार आले त्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. मला वाटलं, त्यांना कळलं."

शामकांतांच्या डोळ्यांपुढं त्यांच्या वर्गातला माधव उभा राहिला. माधव त्यांचा सगळ्यात तयार विद्यार्थी. पाहुणे आले की तो उभा राहून म्हणे, नमस्कार, माझं नाव माधव. पाहुणे टाळ्या वाजवत. त्या पलीकडे तो काही सांगू लागला की पाहुणे मान हलवत आणि शामकांतही हलवत. उद्या कुणी माधववर आळ घेतला तर त्याच्या तोंडच्या शब्दांनी त्याचं कितपत भागेल?

साक्ष संपली होती. पण साळूबाई पिंजऱ्यातून उतरली नाही. ती श्रीमंतकडे पाहत होती. तिनं त्याच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग बोटं जुळवून तोंडाशी नेली. अंबिकाबाईंनी त्याचा अर्थ सांगितला नाही.

"काय म्हणते ती?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"ही साक्ष नाही, साहेब. ती भावाशी बोलतेय."

"तरीही सांगा."

"म्हणते," अंबिकाबाई म्हणाल्या, "मी जेवायला घरी येऊ का?"

श्रीमंतनं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. पण मान वळवण्याआधी त्याच्या उजव्या हाताची बोटं नकळत जुळली होती, हे शामकांतांनी पाहिलं. लहानपणापासून ही दोघं या भाषेत भांडली असतील, खेळली असतील, त्यांच्या आईच्या मरणाची बातमीही याच बोटांनी दिली-घेतली असेल. बहिणीनं आगीचं सांगितलं तेव्हा बाकीच्यांना कळलं नसेल, पण या माणसाला शब्दन् शब्द कळला होता.

कोर्ट उठल्यावर आवारात गर्दी पांगली. श्रीमंत बैलगाडी जोडत होता. साळूबाई लिंबाखाली छबूबाईजवळ उभी होती.

"माज्याकडं चल म्हनलं मी तिला," छबूबाई अंबिकाबाईंना सांगत होती. "आता तिकडं तिला सुखानं कोन घास घालनार हाय? पर न्हाई म्हनती."

श्रीमंत गाडी घेऊन पुढं आला. खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, पोरगं हाय वो माजं," तो अंबिकाबाईंना म्हणाला. "एकुलतं. म्या काय करनार हुतो? भीमाला सुटका मिळंल, वकील हाय, असं वाटलं मला." मग म्हणाला, "तिला सांगा..."

एवढं बोलून तो थांबला. तिला सांगायला त्याला कुणाचीच गरज नव्हती. त्यानं बहिणीकडे वळून बोटं तोंडाशी नेली आणि गाडीकडे हात केला. साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि चाकावर पाय देऊन गाडीत चढली. गोरक्ष गाडीत नव्हता, तो पायवाटेनं आधीच निघून गेला होता.

पुढं भीमा निर्दोष सुटला. गोरक्षवर खटला झाला नाही, पण श्रीमंतनं गावासमोर भीमाची माफी मागितली, आणि त्या वर्षापासून सुगीत भीमाच्या वाट्याला कुणी हात लावला नाही. साळूबाईला घरात जेवायला मिळे, मात्र भावजयीनं तिच्याकडे बघणं पुष्कळ दिवस टाकलं होतं.

परतीच्या मोटारीत, नगर जवळ आलं तेव्हा शामकांत म्हणाले, "मंडळाच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नव्हता. हे अंगाशी येणार."

"मग का बोललात?"

"त्या वेळी दुसरं काही खरं वाटलं नाही."

ते अंगाशी आलंच. पुण्याच्या सभेत राधाकृष्णपंत उभे राहिले. ते मंडळातले वयानं सगळ्यात मोठे, आणि मुलांवर जीव टाकणारे गृहस्थ. "चिटणीस नियम मोडायला गेले नव्हते, नियम पाळला जातो का ते बघायला गेले होते," ते म्हणाले. "आज कोर्टात खुणा चालल्या, उद्या आईबाप म्हणतील, मग बोलायला शिकवता कशाला? इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल."

शामकांतांना त्यांचा राग आला नाही. वर्षभरापूर्वी ते स्वतः हेच बोलले असते. त्यांनी साळूबाईची साक्ष पहिल्यापासून सांगितली. सांगताना त्यांचे हात उठत होते, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मान डोलावणाऱ्यांचं सांगितलं तेव्हा सभासद एकमेकांकडे पाहू लागले. त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी तशी मान हलवली होती.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. अंबिकाबाईंचं नाव राहिलं, दोन-तीन मतांनी का होईना. वर्गातल्या खुणांची मनाई मात्र उठली नाही. ती पुढं कैक वर्षं तशीच राहिली. एक गोष्ट नवी झाली. कुठल्याही कोर्टाला मुक्या माणसासाठी दुभाषी हवा असेल तर मंडळानं पारखलेलं माणूस द्यावं, आणि ती पारख कोर्टात शामकांतांनी केली तशी करावी, असं ठरलं. हा ठराव राधाकृष्णपंतांनीच मांडला. चिटणीसपद मात्र शामकांतांनी आपण होऊन सोडलं. न विचारता मंडळाचं नाव वापरलं ते चुकलं, असं त्यांनी सभेत कबूल केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, असंही म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते नगरला आले. या वेळी अंबिकाबाईंच्या वर्गात गेले आणि भिंतीशी बसून राहिले. मुलं बोलायला शिकत होती, ओठ वाचत होती, आणि अडलं की हातांनी विचारत होती. एका मुलीनं त्यांना काहीतरी विचारलं. शामकांतांनी सवयीनं मान हलवायला सुरुवात केली आणि ती तिथंच थांबवली.

"काय म्हणाली ती?" त्यांनी अंबिकाबाईंना विचारलं.

"तिलाच विचारा ना," अंबिकाबाई म्हणाल्या. "कळलं नाही म्हणायची खूण अशी." त्यांनी ती करून दाखवली.

शामकांतांनी ती केली. मुलगी त्यांच्या जवळ सरकली आणि सावकाश, एकेक करून, पुन्हा सांगू लागली.